मिलानचे फर्निचर प्रदर्शन आणि इंटिरिअर डिझायनरचा व्यवसाय

घराच्या किंवा कचेरीच्या आतल्या भागाची मांडणी ठरवणारा स्वतंत्र व्यावसायिक, म्हणजे आज ज्याला इंटिरिअर डिझायनर म्हटले जाते तो, युरोपातही फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकात धनिकांच्या हवेल्या सजवण्याचे काम मुख्यतः गाद्या-पडद्यांचे कारागीर, फर्निचरचे कारखानदार आणि त्यांचे दुकानदार करीत असत, आणि खोलीत काय असावे हे बहुतेक वेळा ज्याच्या वखारीत माल पडून आहे तोच सांगत असे. हा निर्णय माल विकणाऱ्याच्या हातून निघून माल पारखणाऱ्याच्या हाती हळूहळू आला, तेव्हा या व्यवसायाला स्वतःची जागा मिळाली. या स्थित्यंतरात कलाशाळांचा, नियतकालिकांचा आणि वास्तुविशारदांचा वाटा इतिहासकारांनी पुष्कळ तपासला आहे. त्या मानाने व्यापारी प्रदर्शनांकडे दुर्लक्ष झाले, कारण ती विक्रीची जागा मानली गेली आणि विक्रीच्या जागेत विद्या मिळते हे मान्य करणे विद्वानांना जड गेले. वास्तविक मिलान शहरात १९६१पासून भरत आलेल्या ‘सालोने देल मोबिले’ या फर्निचर प्रदर्शनाचा इतिहास पाहिला, तर डिझायनरला तिथून मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट नव्या वस्तूंचे दर्शन ही नव्हे, तर ती वस्तू बनवणाऱ्याशी मध्यस्थाविना होणारी गाठ ही आहे, असे स्पष्ट दिसते.

हे समजण्यासाठी प्रदर्शनांचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. पहिला प्रकार सार्वजनिक प्रदर्शनाचा. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली काच आणि लोखंडाच्या ‘क्रिस्टल पॅलेस’मध्ये भरलेले महाप्रदर्शन हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना होय. सुमारे साठ लाख भेटींची नोंद झालेल्या या प्रदर्शनात मुंबईचे कोरीव शिसवी फर्निचर होते, तसेच वाफेवर लाकूड वाकवून खुर्च्या घडवणाऱ्या मिखाएल थोनेट या कारागिराचे कामही होते, आणि त्याला तेथे पदक मिळाले. तथापि प्रदर्शित वस्तूंवर किंमत लिहिण्यास तेथे मनाई होती. लोकांची अभिरुची सुधारावी, कारखानदारांत चढाओढ लागावी आणि राष्ट्राचे सामर्थ्य दिसावे हा हेतू असल्यामुळे भाव विचारणे हे त्या भव्य वातावरणाला शोभणारे मानले गेले नाही. प्रदर्शनाच्या नफ्यातून पुढे साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालय उभे राहिले, आणि सजावटीच्या शिक्षणावर त्याचा खोल परिणाम झाला. परंतु एखादी खुर्ची किती दिवसांत, किती नगांच्या मागणीवर आणि कोणत्या लाकडात मिळेल, या प्रश्नांची उत्तरे देणारी यंत्रणा तेथे नव्हती.

दुसरा प्रकार नमुना-प्रदर्शनाचा, आणि तो जर्मनीतल्या लाइपझिग शहरात आकाराला आला. मध्ययुगापासून तेथे भरणाऱ्या जत्रेत व्यापारी आपला सगळा माल गाड्यांवर लादून आणीत आणि जागेवरच विकून जात. यंत्रावर एकासारखे एक नग निघू लागल्यावर सगळा माल ओढून आणण्याचे कारण उरले नाही. एक नमुना दाखवावा, मागणी नोंदवून घ्यावी आणि माल कारखान्यातून परस्पर रवाना करावा, अशी रीत पडली, आणि १८९५पासून लाइपझिगची जत्रा याच तत्त्वावर भरू लागली. वरकरणी ही निव्वळ व्यापारी सोय दिसते, पण तिच्या पोटात एक महत्त्वाचा करार दडलेला आहे. जो नमुना हाताळला, त्याच मोजमापाचा, त्याच रंगाचा आणि त्याच मजबुतीचा माल पोहोचेल अशी हमी कारखानदार देतो, आणि त्या हमीच्या भरवशावर घेणारा आपल्या गिऱ्हाइकाला शब्द देतो. इंटिरिअर डिझायनरचा सारा व्यवसाय अशाच शब्दावर उभा असतो, कारण काम सुरू होताना त्याच्यापाशी नकाशा आणि नमुने यांखेरीज दाखवण्यासारखे काहीच नसते. मिलानमध्ये १९२० साली सुरू झालेली ‘फिएरा कांपियोनारिया’, म्हणजे सर्व प्रकारच्या मालाची नमुना-जत्रा, ही लाइपझिगच्याच वळणाची होती.

या दोन प्रकारांतले अंतर मुंबईच्या एका प्रदर्शनावरून चांगले ध्यानात येते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या वास्तुविशारदांच्या संस्थेने नोव्हेंबर १९३७मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले. लंडनमध्ये ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने १९०८ साली याच नावाचे प्रदर्शन सुरू केले होते. मुंबईच्या प्रदर्शनाला बारा दिवसांत सुमारे एक लाख लोक आले. त्या वेळी ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस आणि मरीन ड्राइव्हवर सिमेंट-काँक्रीटच्या नव्या इमारती उभ्या राहत होत्या, वाड्यात किंवा चाळीत वाढलेली कुटुंबे स्वतंत्र न्हाणीघर आणि बंदिस्त स्वयंपाकघर असलेल्या फ्लॅटमध्ये राहायला जात होती, आणि या नव्या जागेत कोणती वस्तू कोठे ठेवायची हे त्यांना कोणीतरी दाखवण्याची गरज होती. दिवाणखाना, शयनगृह, स्वयंपाकघर आणि स्नानगृह यांच्या सजवलेल्या खोल्या उभारून वास्तुविशारदांनी ते दाखवले, आणि त्यायोगे घराच्या आतल्या भागाचाही विचार तज्ज्ञाने करायचा असतो ही कल्पना शहरातल्या सुशिक्षित वर्गात रुजण्यास मदत झाली. मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासात या प्रदर्शनाचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र त्याचा रोख गृहस्थ आणि गृहिणी यांच्याकडे होता. रचना करणारा आणि वस्तू घडवणारा यांनी वर्षानुवर्षे एकमेकांना भेटत राहावे, अशी कायमची व्यवस्था त्यातून निर्माण झाली नाही. मिलानने नेमके तेच साधले, आणि ते कसे साधले हे पाहायचे तर मिलानच्या उत्तरेकडील गावांपासून सुरुवात करावी लागते.

मिलान आणि कोमो सरोवर यांच्या मधल्या टापूला ब्रियांझा म्हणतात. कांतू, लिस्सोने, मेदा ही त्यातली गावे सुतारकाम, कोरीवकाम आणि गादीकाम यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली होती. मिलानच्या सरदार घराण्यांच्या उन्हाळी वाड्यांना लागणारे फर्निचर येथेच घडत असे आणि एकेका कुटुंबाकडे एकेक कसब होते: कोणी लाकूड कापी, कोणी कोरी, कोणी वार्निश करी, कोणी कापड चढवी. हे कारागीर जुन्या फ्रेंच आणि इटालियन राजवटींच्या शैलींच्या नकला उत्तम करीत. नव्या घरांसाठी नवा घाट मात्र त्यांच्यापाशी नव्हता. तो घाट मिलानच्या वास्तुविशारदांपाशी होता. मोन्झा येथे १९२३ साली सुरू झालेले सजावटी कलांचे द्वैवार्षिक प्रदर्शन पुढे त्रैवार्षिक झाले आणि १९३३ साली मिलानमध्ये जोव्हान्नी मुत्सिओ यांनी बांधलेल्या ‘पालात्सो देल्लार्ते’ या वास्तूत आले. वास्तुविशारद जिओ पोन्ती यांनी १९२८ साली ‘दोमुस’ हे मासिक काढले, आणि या दोन ठिकाणी नव्या राहणीची चर्चा दशकानुदशके चालू राहिली. चर्चा एकीकडे आणि करवत दुसरीकडे, अशी ही स्थिती होती. कांतू गावाने १९५५ साली एक स्पर्धा सुरू केली, जिच्यात रचनाकारांनी आराखडे पाठवायचे आणि निवडलेले आराखडे गावातल्या कारागिरांनी प्रत्यक्ष घडवायचे. पोन्ती आणि फिनलंडचे आल्व्हार आल्तो यांच्यासारखे नामवंत तिच्याशी परीक्षक म्हणून जोडले गेले होते. कागद आणि करवत यांना एकत्र आणण्याचा हा प्रयत्न सालोनेची पूर्वपीठिका समजण्यास मोलाचा आहे.

अशा सहकार्याचे फळ कसे असते ते एका खुर्चीत पाहता येते. लिगुरियाच्या किनाऱ्यावरील किआव्हारी गावात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून हलक्या, वेताच्या बैठकीच्या खुर्च्या बनत. पोन्ती यांनी तो घाट घेतला, मेदा गावच्या कास्सिना या कारखान्यातील सुतारांबरोबर अनेक वर्षे त्यावर काम केले, आणि १९५७ साली ‘सुपरलेज्जेरा’ म्हणजे अतिहलकी ही खुर्ची बाजारात आली. तिचे वजन अवघे १.७ किलोग्रॅम होते, आणि लहान मुलगा ती एका बोटावर उचलून धरतो असे छायाचित्र जाहिरातीत झळकले. पाय गोल किंवा चौकोनी न ठेवता त्रिकोणी छेदाचे केले होते; त्यामुळे लाकूड वाचले आणि खुर्ची दिसायलाही सडपातळ झाली. अॅश लाकडाचा तंतू लांब आणि चिवट असतो म्हणून एवढ्या बारीक पायाला तो पुरला, आणि त्या पायात आडव्या दांड्यांची कुसे बसवताना किती लाकूड उरले तर जोड फाटणार नाही, हे पोन्तींच्या पेन्सिलीपेक्षा सुताराच्या पटाशीला अधिक ठाऊक होते. वास्तुविशारदाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खुर्चीतील अर्धे श्रेय निनावी राहिले आहे, आणि प्रदर्शनांच्या इतिहासाने त्या अर्ध्या श्रेयाची दखल घेतली पाहिजे.

इटलीची अर्थव्यवस्था १९५०नंतरच्या दशकात वेगाने वाढली, नवी घरे बांधली गेली, तरी देशी बाजार पुरा पडेना, आणि फर्निचरवाल्यांना निर्यातीचे वेध लागले. जर्मनीत कोलोन येथे १९४९पासून फर्निचरचे प्रदर्शन भरत होते आणि इटालियन कारखानदारांना परदेशी ग्राहकांना भेटण्यासाठी तिकडे जावे लागत असे. मिलानच्या कांपियोनारियात फर्निचर मांडता येई, पण ट्रॅक्टर, शिवणयंत्रे आणि खाद्यपदार्थ यांच्या गर्दीत ते हरवून जाई. तेव्हा काही कारखानदारांनी ‘कोस्मित’ नावाची समिती स्थापन केली आणि सप्टेंबर १९६१मध्ये केवळ फर्निचरचे पहिले सालोने भरवले. त्यात ३२८ कारखानदारांनी भाग घेतला आणि सुमारे बारा हजार लोक आले. मुंबईत टाउन हॉलला लोटलेल्या एक लाखाच्या तुलनेत ही संख्या किरकोळ वाटेल, पण हे बारा हजार प्रामुख्याने माल घेणारे, विकणारे किंवा निवडून देणारे होते. १९६७पासून प्रदर्शन आंतरराष्ट्रीय झाले. त्याच १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्थेची स्थापना झाली हा केवळ योगायोग असला, तरी स्वतंत्र भारताने रचनाविद्येचा विचार शिक्षणाच्या अंगाने आणि इटलीने बाजाराच्या अंगाने केला, हा फरक नोंदवण्यासारखा आहे.

व्यापारी प्रदर्शनात डिझायनरच्या पदरात नेमके काय पडते, याचा विचार येथे सविस्तर करणे आवश्यक आहे. छापील सूचिपत्रात सोफ्याची लांबी, रुंदी आणि उंची दिलेली असते, पण बसल्यावर मांडीखाली आधार कोठवर येतो, पाठीचा कल कसा आहे आणि वयस्क माणसाला उठताना हाताला टेकू मिळतो की नाही, हे बसल्याशिवाय कळत नाही. छायाचित्रातला तपकिरी रंग अक्रोडाचा, सागाचा की नुसत्या डागाचा, हेही हात लावून आणि कडेचा काप पाहून ठरते. लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनिअर, कडेला कसा वळवला आहे यावरून कारखान्याची सारी शिस्त उघड होते. अनुभवी डिझायनर प्रदर्शनात कपाटाचे दार उघडून पुढची बाजू पाहण्याआधी मागची फळी आणि खणाची तळफळी पाहतो, कारण कारखानदार हात आखडता घेतो तो तिथेच. यानंतर येतात व्यवहाराचे प्रश्न: किमान किती नग घ्यावे लागतील, मागणी दिल्यापासून माल किती आठवड्यांत निघेल, उंची दोन इंच कमी करून मिळेल का, दोन वर्षांनी एक खुर्ची मोडली तर तशीच दुसरी मिळेल का. दुकानदार या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने देतो. कारखानदार ती ठामपणे देऊ शकतो, आणि ज्याला ही उत्तरे आधी मिळाली त्याचे अंदाजपत्रक कोलमडत नाही.

दिव्यांच्या बाबतीत तर प्रत्यक्ष पाहण्याला पर्यायच नाही. मिलानमध्ये १९७४ साली स्वयंपाकघरांसाठी ‘युरोकुचीना’ आणि १९७६ साली दिव्यांसाठी ‘युरोलुचे’ ही जोडप्रदर्शने सुरू झाली, आणि पुढे ती आलटून पालटून एकेका वर्षाआड भरू लागली. प्रकाशाचा रंग केल्व्हिन या मापात सांगतात. २७०० केल्व्हिनचा प्रकाश पिवळसर आणि उबदार वाटतो, ४००० केल्व्हिनचा पांढरट. हा आकडा कागदावर वाचता येतो, परंतु दिवा डोळ्याच्या पातळीवर आला की तो खुपतो का, भिंतीवर त्याची कड धारदार पडते की विरून जाते, आणि त्या प्रकाशात कापडाचा लाल रंग मळकट दिसतो का, हे अंधारलेल्या दालनात त्या दिव्याखाली उभे राहूनच समजते. त्यामुळे केवळ दिव्यांसाठी वेगळे प्रदर्शन भरवणे ही हौस नव्हती. दिव्याची रचना हे स्वतंत्र ज्ञान असल्याची ती व्यवसायाने दिलेली मान्यता होती.

प्रदर्शनाचा आणखी एक लाभ असा, की तेथे आपल्या धंद्याबाहेरचे धंदे दिसतात. असाच एक धंदा प्लॅस्टिकचा. मिलानच्या तंत्रविद्यापीठात जुलिओ नात्ता यांनी १९५४ साली पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची सुबद्ध रचना साधली आणि १९६३ साली कार्ल त्सीग्लर यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रसायन-अभियंता असलेल्या जुलिओ कास्तेल्ली यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या कार्टेल कंपनीने मोटारींच्या जोडवस्तूंपासून सुरुवात करून पुढे खुर्च्या आणि कप्पे साच्यातून काढले. याहून बोलका प्रसंग पिएरो बुझनेल्ली यांचा आहे. फर्निचरचे कारखानदार असलेले बुझनेल्ली लंडनमधील प्लॅस्टिक उद्योगाच्या प्रदर्शनाला गेले असता तेथे पॉलियुरेथेनच्या फेसापासून साच्यात छोटी बदके काढणारे यंत्र त्यांनी पाहिले, असे त्यांच्या कंपनीच्या इतिहासात नोंदलेले आहे. बदक साच्यातून निघू शकते तर खुर्चीची अख्खी गादी का निघू नये, हा विचार त्यांनी धरला, आणि १९६६ साली कास्सिनांबरोबर स्थापन केलेल्या ‘सी अँड बी इतालिया’ या कंपनीत तो उतरवला. तोवर सोफा म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर पट्टे, त्यावर स्प्रिंगा, त्यावर भरण आणि शेवटी कापड असे दिवसचे दिवस चालणारे हातकाम होते. आता पोलादी सांगाडा साच्यात ठेवून त्याभोवती फेस ओतला की गादीचा आकार एकदम तयार होऊ लागला. याच कंपनीसाठी गाएतानो पेशे यांनी रचलेली ‘अप’ मालिकेतील आसने १९६९च्या सालोनेत मांडली गेली. त्यांत सांगाडाच नव्हता. फेसाचे आसन निर्वात करून चपट्या आवरणात बंद केलेले असे आणि आवरण उघडताच ते हवा शोषून आपोआप फुगून आपल्या आकाराला येई. खेळण्यांच्या यंत्रापासून या आसनापर्यंतचा प्रवास एका माणसाने दुसऱ्या धंद्याच्या दालनात घातलेल्या फेरीतून सुरू झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सालोनेच्या भिंतींबाहेर जे घडले तेही त्याच्या इतिहासाचा भाग आहे. सप्टेंबर १९८१मध्ये प्रदर्शनाच्याच काळात मिलानमधील ‘आर्क ७४’ या दालनात रचनाकार एत्तोरे सोत्सास आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ‘मेम्फिस’ या नावाने आपले काम मांडले, आणि पहिल्याच संध्याकाळी इतकी गर्दी लोटली की रस्ता अडला. सोत्सास यांची ‘कार्लटन’ ही फडताळाची रचना तिथे होती. तिच्या फळ्या तिरक्या, रंग भडक आणि पृष्ठभाग प्लॅस्टिक लॅमिनेटचा, म्हणजे मराठी घरात ज्याला सरसकट सनमायका म्हणतात त्याचा होता. लॅमिनेट हे तोपर्यंत स्वस्त उपाहारगृहांच्या टेबलांचे आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळच्या कपाटांचे साहित्य समजले जाई आणि त्याच्याकडून लाकडाची किंवा संगमरवराची नक्कल एवढीच अपेक्षा असे. सोत्सास यांनी आबेत लामिनाती या कारखान्याबरोबर काम करून त्यावर कोणत्याही निसर्गवस्तूची नक्कल न करणारी, वळवळत्या काळ्या ठिपक्यांची नक्षी छापवून घेतली आणि ती दिवाणखान्यात आणली. मेम्फिसच्या वस्तू फार विकल्या गेल्या नाहीत, आणि त्या प्रत्येक घरात शोभतील असेही नाही. परंतु पृष्ठभागाची नक्षी ही डिझायनरने कारखान्याकडून करवून घेण्याची गोष्ट आहे, सूचिपत्रातून मुकाट निवडण्याची नव्हे, हा धडा त्यातून मिळाला आणि तो टिकला. याच सुमारास शहरातली गोदामे, अंगणे आणि दुकाने प्रदर्शनाच्या आठवड्यात नव्या कामासाठी खुली होऊ लागली आणि ‘फुओरीसालोने’, म्हणजे प्रदर्शनाबाहेरचे प्रदर्शन, अशी प्रथा पडली.

प्रदर्शन जसजसे मोठे होत गेले तसतसे नवोदितांना त्यात शिरणे अवघड झाले, कारण दालनाचे भाडे, सजावट आणि वाहतूक यांचा खर्च मोठ्या कंपन्यांनाच झेपणारा होता. ही अडचण ओळखून मार्वा ग्रिफिन या व्हेनेझुएलात जन्मलेल्या संयोजिकेने १९९८ साली ‘सालोने सातेलिते’ सुरू केले. पस्तीस वर्षांखालील रचनाकारांनी अजून उत्पादनात न गेलेल्या वस्तूंचे पहिले नग मांडावेत आणि कारखानदारांनी येऊन ते पाहावेत, अशी ही योजना आहे. पुढे जगभर नाव झालेले जपानचे ओकी सातो यांच्या ‘नेंदो’ या कार्यालयाने आपले काम आरंभीच्या काळात येथेच मांडले. या योजनेने प्रदर्शनाची दिशा एका अर्थाने उलटी केली: एरवी कारखानदार नमुना मांडतो आणि डिझायनर निवडतो, येथे डिझायनर मांडतो आणि कारखानदार निवडतो. सालोनेच्या साठ वर्षांतला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय कोणता असे विचारले, तर तो हाच म्हणावा लागेल.

भारतीय कारागिरीचा मिलानशी आलेला एक संबंध येथे सांगितला पाहिजे. मुंबईत जन्मलेल्या आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेल्या नीपा दोशी यांनी जोनाथन लेव्हियन यांच्यासमवेत इटलीच्या मोरोसो या कंपनीसाठी २००७ साली ‘चारपॉय’ हे बैठे आसन रचले. त्याचा सांगाडा युरोपीय कारखान्यातला, तर वरची गादी भारतात हाताने शिवलेली आणि सोंगट्यांच्या पटाची नक्षी भरलेली आहे. बाजेवर बसून गप्पा मारण्याची, तिथेच पट मांडण्याची आणि दुपारी तिथेच आडवे होण्याची जी रीत भारतीय घरांत आहे, ती ओळखणारी रचनाकार आणि तिला हवा तसा सांगाडा देऊ शकणारा कारखाना यांचा मेळ बसल्याखेरीज अशी वस्तू निर्माण होणे शक्य नव्हते.

सालोने २००६पासून मिलानच्या सीमेवरील रो येथे, मास्सिमिलियानो फुक्सास यांनी रचलेल्या विस्तीर्ण प्रदर्शन-संकुलात भरते, आणि २०२४ साली तेथे ३ लाख ७० हजारांहून अधिक लोक आले. या आकारमानामुळे काही लाभ घटलेही आहेत. दालने इतकी नाट्यमय सजवली जातात की वस्तूपेक्षा देखावाच अधिक छायाचित्रांत जातो. बड्या कंपन्यांच्या दालनात उत्तरे देणारा माणूस विक्रीखात्याचा असतो, कारखान्याचा नव्हे. आणि काही दिवसांसाठी उभारलेल्या भिंतींचा व मजल्यांचा पसारा नंतर मोडीत काढावा लागतो, ही बाब गंभीर आहे. करोनाच्या साथीमुळे २०२०चे प्रदर्शन रद्द झाले तेव्हा अनेक कारखानदारांनी आपला माल संगणकाच्या पडद्यावर मांडला. सप्टेंबर २०२१मध्ये वास्तुविशारद स्तेफानो बोएरी यांच्या देखरेखीखाली ‘सुपरसालोने’ या नावाने साधे, लहान प्रदर्शन भरले, ज्यात प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र महाल न उभारता लांब समांतर भिंतींवर वस्तू मांडल्या होत्या, आणि जून २०२२मध्ये साठावे सालोने पूर्ण आकारात परतले. पडद्यावरचे सूचिपत्र जन्मभर पुरेल एवढे विस्तृत असूनही लोक पुन्हा प्रत्यक्ष आले, याचे कारण वर दिव्यांच्या आणि कपाटांच्या संदर्भात सांगितले तेच आहे.

भारतात, आणि विशेषतः मुंबई-पुण्यात, हा सारा व्यवहार वेगळ्या पायावर उभा आहे. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही व्यावसायिकांची संस्था १९७२ साली स्थापन झाली, आणि गोरेगावच्या प्रदर्शन-संकुलात बांधकाम व सजावटीच्या साहित्याची मोठी प्रदर्शने भरत असतात. पण येथे कपाटे, पलंग आणि ओट्याखालची फडताळे आजही मोठ्या प्रमाणावर कामाच्या जागेवरच, सुतार-मिस्त्रीच्या हातून बनतात. घरात प्लायवूडचे तक्ते येऊन पडतात, करवतयंत्र दिवाणखान्यातच लागते, लॅमिनेट फेव्हिकॉलने चिकटवले जाते आणि कडेला पट्टी मारली जाते. म्हणून येथील डिझायनरला तयार सोफ्यापेक्षा तक्ता, पृष्ठभाग, बिजागरी, खणाची सरकपट्टी, चिकटद्रव्य आणि रंग यांची माहिती अधिक उपयोगी पडते, आणि येथील प्रदर्शनांतही हीच दालने गजबजलेली असतात. फर्निचरच्या सुट्या भागांसाठी आणि कच्च्या मालासाठी कोलोन येथे १९५९पासून भरणारे ‘इंटरत्सुम’ हे प्रदर्शन भारतीय गरजेला मिलानपेक्षा जवळचे आहे, हे या दृष्टीने पाहिल्यास पटण्यासारखे आहे. ब्रियांझाच्या इतिहासातून येथे लागू पडणारी गोष्ट एक आहे. हळुवार मिटणारी बिजागरी दाराच्या किती वजनाला पेलते, पावसाळ्याच्या दमट हवेत तक्ता किती फुगतो आणि त्यात स्क्रू दुसऱ्यांदा पकड घेतो का, हे प्रश्न कारखानदाराला सर्वांत नेमके विचारू शकतो तो मिस्त्री. तरीही प्रदर्शनाची निमंत्रणे आणि प्रवेशिका वास्तुविशारद, डिझायनर आणि विक्रेते यांच्याच नावाने निघतात. जे डिझायनर आपल्या मिस्त्रीला बरोबर नेतात आणि बिजागरी त्याच्या हातात देऊन त्याचे मत घेतात, ते पोन्ती आणि मेदाच्या सुतारांनी घालून दिलेल्या वाटेनेच चालत असतात, आणि त्या मिस्त्रीच्या नावाची प्रवेशिका निघावी ही मागणी आयोजकांकडे करण्याची जबाबदारी व्यावसायिकांच्या संस्थांवर येते.